सुटी चाकं, काढलेले टायर: घरात ठेवायचे कुठे आणि कसे?

आपल्याकडे हिवाळ्याचे वेगळे टायर नसतात, पण पुण्यातल्या कितीतरी घरांत एक जादा सेट पडलेला असतो. कुणी पावसाळी भटकंतीसाठी वेगळी चाकं घेतलेली असतात, कुणी अलॉय बसवून कंपनीची स्टीलची चाकं जपून ठेवलेली असतात, कुणी चांगले टायर काढून ‘पुढे लागतील’ म्हणून गच्चीवर ठेवलेले असतात. टायर गाडीखाली झिजतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो कोपऱ्यात पडल्या पडल्याही खराब होतो, हे मात्र बसवायच्या दिवशी कळतं. या वेळच्या प्रश्नांपैकी बरेचसे त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न : माझ्याकडे थार आहे. वर्षभर कंपनीचे हायवे टायर चालवतो आणि जून ते सप्टेंबर ऑल-टेरेन टायरचा दुसरा सेट रिमसकट लावतो, कारण तेव्हा मुळशी, ताम्हिणी, वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटांवर जाणं होतं. फ्लॅटला एकच पार्किंग आहे आणि चार बाय सहा फुटांची ड्राय बाल्कनी. उरलेली चार चाकं कशी ठेवू? (कोथरूड)

तुमची चाकं रिमसकट आहेत, त्यामुळे काम सोपं आहे. एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. रिमवर चढवलेलं, हवा भरलेलं चाक आडवं रचायचं किंवा रिमला हुक घालून टांगायचं. नुसता टायर असेल तर तो उभा ठेवायचा, आणि टांगायचा कधीच नाही. पुष्कळ लोक नेमकं उलट करतात. हवा भरलेल्या चाकाला रिम आतून धरून ठेवतो, त्यामुळे वर तीन चाकं रचली तरी आकार बिघडत नाही. तेच चाक उभं ठेवलं की सगळा भार महिनोन् महिने तळाच्या तळहाताएवढ्या रबरावर राहतो.

आता जागेचं बघू. २५५/६५ आर १८ या मापाच्या टायरचा व्यास साधारण ७९ सेंटिमीटर भरतो आणि रुंदी साडेपंचवीस. म्हणजे चार चाकांची रास कमरेच्या वर, १०२ सेंटिमीटरच्या आसपास येईल आणि खाली पाऊण मीटरपेक्षा थोडी जास्त चौरस जागा लागेल. तुमच्या बाल्कनीत ती मावते. चारपेक्षा जास्त चाकांची रास करू नका, डगमगते. या मापाचं एकेक चाक २५ किलोच्या पुढे जातं, त्यामुळे वरची दोन चढवताना आणि उतरवताना दोघं जण असू द्या.

ड्राय बाल्कनीचा खरा त्रास पाण्याचा असतो. धुण्याचं, भांड्यांचं, खिडकीतून येणाऱ्या पावसाचं पाणी तिथे असतंच. खाली तीन-चार इंच उंचीची लाकडी चौकट किंवा प्लास्टिकचं पॅलेट ठेवा. दुपारचं ऊन ज्या भिंतीवर येतं तो कोपरा सोडा. इन्व्हर्टर आणि त्याची ॲसिडची बॅटरी बाल्कनीतच असेल, तर चाकं तिच्या शेजारी नकोत. त्याच कपाटात थिनर, रंगाचे डबे, रॉकेल ठेवत असाल तर तेही हलवा. पेट्रोलच्या जातीची सगळी द्रव्यं आणि त्यांची वाफ रबर फुगवते आणि मऊ करते.

चाक काढल्यावर लगेच रचू नका. आधी पाणी आणि गाडी धुण्याचा शाम्पू घेऊन आतून-बाहेरून धुवा. ब्रेकची काळी भुकटी रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेली असते, ती दमट हवेत रिमचा रंग खाते. बोथट स्क्रू-ड्रायव्हरने नक्षीतले खडे काढा आणि ते काढताना खिळा दिसतो का तेही बघा. खिळा असेल तर पंक्चर आत्ताच काढून घ्या. सहा महिन्यांनी कुठल्या चाकात होता हे आठवत नाही. मग सावलीत पूर्ण एक दिवस सुकवा.

सुकल्यावर प्रत्येक चाकावर खडूने किंवा मार्करने जागा लिहा : ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ वगैरे. ‘ड्रायव्हर साइड’ लिहिलंत तरी चालेल, पण चारही चाकांवर एकच पद्धत ठेवा. सोबत एका कागदावर काढल्याची तारीख, किलोमीटर आणि नक्षीची खोली लिहून ठेवा. खोली आतून, मधून आणि बाहेरून अशी तीन ठिकाणी मोजा. आतली कड जास्त झिजलेली दिसली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बघायला हवं. ती गोष्ट या कागदावरून कळते, नुसत्या नजरेतून सुटते.

अलॉय असतील तर तोंड वर करून रचा आणि दोन चाकांच्या मध्ये जुन्या सतरंजीचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घाला. व्हॉल्व्हची टोपणं घट्ट लावा. नट एका जाड पिशवीत घालून पिशवी वरच्या चाकाच्या मधल्या भोकात ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगणं गरजेचं वाटतं. ऑल-टेरेन टायर माती, खडी, गवत यांच्यासाठी असतो. ओल्या डांबरावर तो हायवे टायरपेक्षा चांगला धरेलच असं नाही, बऱ्याचदा कमीच धरतो, कारण नक्षीचे ठोकळे मोठे आणि बारीक चिरा कमी असतात. ताम्हिणीत कच्च्या वाटेला लागायच्या आधी घाटाचा ओला रस्ता आहे. तिथे वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर पूर्वीच्या सवयीने ठेवू नका. आणि स्टेपनीचा व्यास लावलेल्या सेटइतकाच आहे याची खात्री करा. फोर-व्हीलमध्ये वेगवेगळ्या व्यासाची चाकं एकत्र चालवली तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

प्रश्न : रचून ठेवायच्या चाकांत हवा किती असावी? एका टायरवाल्याने निम्मी काढायला सांगितली, दुसऱ्याने उलट सात-आठ पॉइंट जास्त भरायला. (पिंपळे सौदागर)

दोघांचीही बाजू समजून घ्या, कारण दोघांच्या मनातला कालावधी वेगळा आहे. टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय (बोलीत ‘पॉइंट’) हवा आपोआप कमी होते. सहा महिन्यांसाठी ठेवायचं असेल तर थोडी जास्त भरून ठेवली की परत लावताना पुरेशी उरते. तो सल्ला तिथून येतो. पण रबर ताणलेलं असलं की हवेतला ओझोन वायू त्याला लवकर तडे पाडतो, म्हणून वर्ष-दोन वर्षं ठेवायचं असेल तर ताण कमी केलेला बरा.

आमच्या मते पाच-सहा महिन्यांसाठी गाडीत असते तेवढीच, म्हणजे ३०-३३ पीएसआय राहू द्या. वर्षाच्या पुढे जाणार असेल तर १५ ते २० वर आणा. हवा पूर्ण काढू नका. ट्यूबलेस टायरची कडा रिमवर बसलेली राहायला थोडी हवा लागतेच. ती सुटली की आत ओल आणि धूळ शिरते. आणि ‘हवा कमी केली आहे’ अशी चिठ्ठी चाकाला बांधा. अर्ध्या हवेची चाकं लावून कात्रजपर्यंत गेलं तरी साइडवॉलचं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचं, आतून नुकसान होऊ शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

नायट्रोजन भरून ठेवला तर टायर जास्त टिकतो का, असंही दोघा-तिघांनी विचारलं आहे. ठेवणीसाठी त्याचा सांगण्यासारखा फायदा नाही. रबर मुख्यतः बाहेरून म्हातारं होतं.

प्रश्न : चांगल्या स्थितीतले चार टायर, रिमशिवाय, गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली निळ्या ताडपत्रीत बांधून ठेवले आहेत. पावसाळ्याआधी काही करावं लागेल का? (सहकारनगर)

होय, खाली आणावे लागतील. शक्य असेल तर याच आठवड्यात.

पहिलं कारण उष्णता. टायर ठेवायला २५ अंशांखालची जागा उत्तम, ३५ पर्यंत चालते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचं तापमान ४० च्या आसपास जातं, आणि पत्र्याखालची कोंडलेली हवा त्याहून कितीतरी तापते. रबरातल्या रासायनिक क्रियांचा ढोबळ हिशेब असा, की दर १० अंशांना वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे गच्चीवरचा एक उन्हाळा घरातल्या थंड कोपऱ्यातल्या दोन-तीन उन्हाळ्यांइतका. रबर आधी कडक होतं आणि मग त्याला भेगा पडतात. नक्षी भरपूर दिसते, पण ओल्या रस्त्यावर टायर घसरतो.

दुसरं कारण पाणी, आणि ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताडपत्रीला कुठेतरी फट असते. टायरची कड आत वळलेली असल्यामुळे आत शिरलेलं वाटीभर पाणी टायर तिरका केला तरी पूर्ण सांडत नाही. काळोख, सावली आणि साठलेलं स्वच्छ पाणी ही डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची आवडती जागा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टायरच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे पाणी नुसतं ओतून देणं पुरेसं नाही. आतली बाजू ब्रशने खरवडून धुवायला हवी. महापालिकेच्या पाहणीत डासांची पैदास सापडली तर नोटीस येते, दंडही होतो. पण त्याहून, शेजारच्या लहान मुलाला डेंगी होणं ही गोष्ट कुठल्याही चार टायरांपेक्षा मोठी आहे.

खाली आणल्यावर असं करा. धुवून, आत घासून, सावलीत दोन दिवस उभे सुकवा. दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा फिरवा, म्हणजे तळाशी साचलेला ओलावा बाहेर येईल. मग जाड काळ्या पिशवीत एकेक टायर घाला, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने आतली हवा ओढून घ्या आणि तोंड टेपने बंद करा. यामुळे रबरातली तेलं उडून जात नाहीत आणि ओझोन पोचत नाही. टायर ओला असताना मात्र पिशवी बांधू नका, त्यापेक्षा उघडा बरा.

ठेवताना उभे, शेजारी शेजारी. भिंतीला लागून दोन गोल पाइप एकमेकांपासून नऊ-दहा इंचांवर बसवले की टायर त्यांच्या खाचेत नीट बसतात. धारदार अँगलवर नको, रबरात खाच पडते. दर महिन्याला पाव फेरा फिरवा. जागा नसल्यामुळे आडवेच ठेवणं भाग असेल तर चारांचीच रास करा आणि महिन्याला खालचा वर, वरचा खाली असा क्रम बदला. नाहीतर तळाच्या टायरच्या दोन्ही कडा जवळ येतात आणि बसवताना मशीनवर कितीही हवा मारली तरी त्या रिमला पकडत नाहीत.

माळा असेल तर चालेल, पण वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा, थेट गच्चीच्या स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात बराच तापतो. त्यापेक्षा पलंगाखालची जागा चांगली.

प्रश्न : सहा महिने ठेवलेले टायर तपकिरी दिसायला लागले आहेत. खराब झाले का? पॉलिश मारून ठेवू का? (बिबवेवाडी)

खराब झालेले नाहीत. ओझोनपासून वाचवण्यासाठी कारखान्यात रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेशी संयोग होऊन तपकिरी थर दिसतो. थर दिसतोय म्हणजे संरक्षण काम करतंय. घासून काढू नका, आणि ठेवणीच्या टायरला चमक आणणारं पॉलिश तर अजिबात लावू नका. सॉल्व्हंटचं चकचकीत पॉलिश हा मेणाचा थर विरघळवतं.

खरं नुकसान ओळखायचं असेल तर चांगल्या उजेडात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, साइडवॉलवर दोन्ही अंगठे टेकवून रबर जरा ताणा. निरोगी रबर गुळगुळीत राहतं. म्हातारं झालेलं असेल तर केसासारख्या बारीक समांतर रेघा उघडतात, आधी कंपनीच्या नावाच्या अक्षरांच्या कडेला आणि मग नक्षीच्या खोबणीच्या तळाशी. केसाइतक्याच आणि वरवरच्या रेघा असतील तर लक्ष ठेवून वापरता येईल. रेघेत नखाची कड अडकत असेल, किंवा आतले धागे दिसत असतील, तर तो टायर गाडीला लावू नका. स्टेपनी म्हणूनही नको.

प्रश्न : कंपनीची स्टीलची चाकं काढून बाहेरचे अलॉय लावले. आता जुनी चाकं आणि नट ठेवून द्यायचे आहेत. नट तर सारखेच दिसतात, वेगळे ठेवायची गरज आहे? (चिंचवड)

आहे, आणि हा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. नट हातात घेऊन त्याचं बूड बघा. रिमला टेकतो तो भाग. काहींचं बूड शंकूसारखं तिरपं असतं, काहींचं चेंडूसारखं गोल, काहींना सपाट वॉशर असतो. होंडाच्या मूळ रिमला गोल बूड लागतं, तर बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूचं. शंकूचा नट गोल खड्ड्यात बसवला तर तो पान्याला घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण रिमला फक्त एका बारीक कडेवर टेकलेला असतो. शे-दोनशे किलोमीटरांत तो सैल होतो. म्हणून जुन्या रिमसोबत जुनेच नट, पिशवीवर गाडीचं नाव लिहून. नट आणि स्टडच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका; तेल लागलेला नट सांगितल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) जास्त ताणला जातो.

स्टीलच्या रिमवर जिथे रंग उडून तांबडा गंज दिसतो, तिथे पॉलिश पेपरने घासा, गंजरोधक प्रायमरचा आणि वर रंगाचा हात द्या. टायर जिथे टेकतो त्या कडेवर रंगाचे जाड थर नकोत, हवा तिथूनच निसटते.

परत चाकं चढवताना नट आधी हाताने फिरवा, मग चांदणीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. बहुतेक छोट्या मोटारींचा आकडा ८० ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तोच धरा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा. दुकानात हवेच्या गनने कर्रकन आवळून दिलेले नट आम्हाला चालत नाहीत. पावसात, रस्त्याच्या कडेला, एकट्याने स्टेपनी बदलायची वेळ आली की ते सुटत नाहीत.

प्रश्न : वर्षभर ठेवलेल्या अलॉयच्या चाकांत आठवड्याला दोन-तीन पॉइंट हवा कमी होते. पंक्चरवाल्याला काहीच सापडलं नाही. (हडपसर)

पंक्चर बहुधा नसावंच. चाक आडवं ठेवा, साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून टायर आणि रिम जिथे भेटतात त्या रेघेवर पूर्ण गोल फिरवा. पाच मिनिटं थांबा. पंक्चरचा बुडबुडा मोठा येतो, इथे मात्र दुधाच्या फेसासारखा बारीक फेस एखाद्या वीतभर भागात साचेल. तिथेच गळती आहे. मग व्हॉल्व्हच्या बुडाशीही बघा.

टायर उतरवल्यावर त्या भागात रिमच्या कडेवर पांढरी, मिठासारखी भुकटी दिसेल. तो ॲल्युमिनियमचा गंज. धुतल्यावर न सुकवता चाकं ठेवली, किंवा पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून राहिली, की तो धरतो. दुकानात बारीक तारेच्या ब्रशने ती कड स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासून घ्या, बीड सीलर (टायर आणि रिमच्या सांध्यात लावायचं लुकण) लावा, व्हॉल्व्ह रबरी असेल तर नवा बसवा आणि बॅलन्सिंग करून घ्या. कडेवर खड्डे पडले असतील तर सीलरने काही महिने निभतं, पण पुन्हा गळती सुरू होते.

प्रश्न : सोसायटीत काही सभासदांनी जिन्याखाली आणि पंपाच्या खोलीत टायर रचून ठेवले आहेत. बाकीचे म्हणतात काय बिघडतंय. नक्की काय सांगू? (सचिव, वडगाव शेरी)

जिन्याखालचे टायर आजच हलवायला सांगा. टायर सहज पेटत नाही, पण जवळच्या मीटरच्या पेटीत शॉर्ट सर्किट झालं आणि एकदा त्याने पेट घेतला, की दाट काळा धूर जिन्यातून थेट वरच्या मजल्यांवर जातो. आणि जिना हीच बाहेर पडायची वाट. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशा उपाययोजना चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकांची आणि भोगवटादारांची आहे. डक्ट, मीटर रूम, उंच इमारतीतला रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची जागा), जनरेटरजवळची जागा, सगळीकडे हाच नियम लावा.

पंपाच्या खोलीत ओल असते, आणि ठिणगी उडवणाऱ्या विजेच्या उपकरणांभोवती ओझोन तयार होतो. वेल्डिंग, ब्रशच्या मोटरी, सतत उघडझाप होणारे जुने स्टार्टर, सगळे त्यातलेच. टायरच्या दृष्टीनेही ती जागा वाईटच.

मार्ग काढायचा तर सभासदाच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये मागच्या भिंतीवर टांगायला परवानगी द्या, आणि अटी लेखी ठेवा : फक्त रिमसकट चाकं, पावसाची झड न येणारी जागा, वर आवरण. हुक भिंत बघून बसवावे लागतात. काँक्रीटच्या कॉलमला किंवा पक्क्या विटेला १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट पुरतात. नव्या इमारतींत मात्र बऱ्याच भिंती हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात आणि साधा अँकर त्यातून वजनाने उपटून येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचेच अँकर किंवा आरपार बोल्ट घालून मागे प्लेट लावावी. आणि कुणाचीही गाडी खाली उभी असेल अशा उंचीवर टांगू देऊ नका. चोरीची भीती असेल तर चारही रिममधून एक साखळी आणि कुलूप.

बागेत अर्धे पुरलेले किंवा कुंड्या केलेले गोटा (नक्षी पार झिजलेले) टायर असतील, तर सगळ्यात खालच्या भागात १२ मिलिमीटरच्या ड्रिलने तीन-चार भोकं पाडून घ्या. जमिनीच्या वर असलेली कमान पाणी धरत असेल तर तिलाही.

प्रश्न : सहा महिने मुलीकडे परदेशी जातोय. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकाच जागी राहील. टायर चपटे होतात म्हणतात. चाकंच काढून ठेवू का? (औंध)

चाकं काढायची गरज नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शेजारच्या कुणाला किल्ली देऊन दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं गाडी फिरवायला सांगणं. बॅटरीचाही प्रश्न सुटतो. ते जमत नसेल तर निदान महिन्यातून एकदा अर्धा फेरा पुढे-मागे ढकलून टायरची टेकणारी जागा बदलावी.

तेही शक्य नसेल तर जाताना हवा वाढवा. एरवी ३३ असेल तर ४० पर्यंत, पण साइडवॉलवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. खाली तेल सांडलेलं असेल तर पुसून चारही टायरखाली प्लायवूडचे तुकडे सरकवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात तो धरून बसतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडाची अडण लावा. आवरण हवा खेळेल असं हवं, प्लास्टिकचं नको.

परत आल्यावर आधी हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. पहिले काही किलोमीटर धडधड जाणवेल. साधा चपटेपणा पंधरा-वीस किलोमीटरांत, टायर गरम झाला की जातो. पन्नास किलोमीटरनंतरही धडधड राहिली तर टायर तपासून घ्या.

प्रश्न : मुलगा म्युनिकमध्ये आहे. तो दर ऑक्टोबरला टायर बदलतो आणि उन्हाळ्याची चाकं तळघरात ठेवतो. आपल्याकडच्या टायरवरही ‘एम प्लस एस’ लिहिलेलं आहे. म्हणजे ते हिवाळ्याचे का? (सदाशिव पेठ)

नाहीत. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. तो शिक्का नक्षीच्या रचनेबद्दल बोलतो, त्यामागे बर्फावरची चाचणी असतेच असं नाही. खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असं चिन्ह असतं. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ते चिन्ह असलेलाच टायर लागतो. नुसत्या ‘एम प्लस एस’ची सवलत २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपली. तिथे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा साधा मंत्र आहे. हिवाळी टायरचं रबर साधारण सात अंशांखाली मऊ राहावं असं केलेलं असतं. पुण्याच्या उन्हात ते पटापट झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर जाईल. मुलाने स्वस्तात मिळतात म्हणून पाठवले तरी इथे लावू नका. त्याच्या तळघरातली चाकं मात्र योग्य जागी आहेत : थंड, काळोखी आणि कोरडी.

प्रश्न : नीट ठेवलेला टायर किती वर्षांनी वापरता येतो? (येरवडा)

साइडवॉलवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष. २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते, न दिसल्यास चाकाच्या आतल्या बाजूला बघा. वय तिथून मोजा, विकत घेतल्याच्या बिलावरून नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी माहितगाराकडून तपासून घ्या. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका. मोठ्या टायर कंपन्याही हीच मर्यादा सांगतात. स्टेपनीलाही ती लागू आहे, आणि नेमकी तीच कुणी तपासत नाही.

नक्षीची कायदेशीर किमान खोली मोटारीला १.६ मिलिमीटर आहे. खोबणीतल्या छोट्या उंचवट्यांना नक्षी टेकली की ती मर्यादा आली. पण ठेवणीतला सेट जूनमध्ये लावणार असाल आणि खोली तीन मिलिमीटरच्या खाली असेल, तर तो पावसाळ्यासाठी लावू नका. ऑक्टोबरनंतर कोरड्या रस्त्यावर वापरून संपवा.